कालिंदाच्या बारशाचा दिवस

मेलेल्या म्हशीला मणभर दूध, असं आमच्याकडे म्हणतात. माणूस गेला की आपोआप देव होतो. जन्मभर ज्यानं कुणाला पाणी विचारलं नाही, त्याच्याही दहाव्याला लोक म्हणतात, सोन्यासारखा माणूस गेला. माझ्या भावाच्या बाबतीत मात्र ही म्हण लागू पडत नाही. रामकिसन जिवंतपणीच भला होता, आणि भलेपणापायीच मेला. अठ्ठावीस वर्षांचा होता. बाप होऊन त्याला बारा दिवस झाले होते.

मी त्याची थोरली बहीण, झुंबर. सातवी शिकलेली आहे, त्यामुळे लिहिता येतं. गावात माझ्या जिभेला सगळे भितात, आणि भितात ते बरंच करतात. पण एके ठिकाणी ही जीभ एकोणीस वर्षं गप्प बसली. ते सांगण्यासाठी आधी रामकिसन कसा होता ते सांगावं लागेल.

आमचं गाव कुंभार पिंपळगाव. आईबाप लवकर गेले. सोळाव्या वर्षी माझं लग्न परतूरकडे झालं. सात वर्षांनी नवऱ्यानं दुसरी बायको आणली आणि मला गोठ्याशेजारच्या खोलीत टाकलं. ही बातमी रामकिसनला कुणीतरी बाजारात सांगितली. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा. दुसऱ्या दिवशी बैलगाडी घेऊन दारात हजर. माझ्या सासऱ्यानं त्याला अर्धा तास शिव्या दिल्या. हा मान खाली घालून ऐकत उभा राहिला. शिव्या संपल्यावर म्हणाला, "चल अक्का, ऊन व्हायच्या आत निघू." वाटेत मला एकही प्रश्न विचारला नाही. टाकलेल्या बहिणीला घरात घेतलं म्हणून भावकी त्याच्यावर हसली.

शेत होतं चार एकर. तेवढ्यावर भागत नव्हतं म्हणून तो जालन्याला कचरूलाल शेठच्या दुकानात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायला शिकला. मोटार भरायची म्हणजे आतली जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, वेढे मोजून. एक वेढा इकडचा तिकडे झाला की मोटार पुन्हा जळते. तीन वर्षांनी गावात परत येऊन त्यानं बाजाराच्या रस्त्यावर पत्र्याची टपरी टाकली. हात चांगला होता, पण धंदा करायची अक्कल नव्हती. हा मोजत बसलेला असायचा, "एकसष्ट, बासष्ट", आणि कुणी म्हातारी विचारायची, "लेका, घनसावंगीची गाडी गेली का?" दुसरा कुणी असता तर हातानं थांब म्हणाला असता. हा तोंड वर करून सांगायचा, "न्हाई मावशे, यायलीय आता, बस सावलीला." तोवर मोजणी विसरलेली. मग सगळी तार सोडून पुन्हा एकपासून. लोकांच्या मोटारी आठ आठ दिवस पडून राहायच्या. मी त्याला तोंड सोडून बोलायचे. म्हणायचे, भीड ही भिकेची बहीण असते रे. तो हसायचा.

त्याचं लग्न झालं ऐंशीच्या उन्हाळ्यात. पुष्पा चांगली मुलगी. पण पाच वर्षं पाळणा हलला नाही. गावाला काम मिळालं. पुष्पाला वांझ म्हणायला लागले, हळदीकुंकवाला बोलवेनासे झाले. तिला रडताना पाहून रामकिसननं एके दिवशी पारावर, चार माणसांत सांगून टाकलं, "डाक्टरला दाखवलं म्या. दोष माझ्यात हाय, तिच्यात न्हाई." डॉक्टरनं तसं काहीही सांगितलेलं नव्हतं. डॉक्टरकडे तो गेलाही नव्हता. पुष्पाला बोलणाऱ्या लोकांचं तोंड बंद व्हावं म्हणून ठोकून दिलं. त्याला पारावर बसायची चोरी झाली. आणि पुढे पुष्पाला दिवस गेले, तेव्हा तेच लोक विचारायला लागले की मग हे लेकरू कुणाचं. गोड खोटं बोललं की ते असं उलटून अंगावर येतं. त्याला ते कधीच कळलं नाही.

मुलगी झाली पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात. बारा दिवस तो बाप होता, आणि इतका बाप मी दुसरा पाहिला नाही. टपरी बंद. बाळंतिणीला पाणी तापवायचा, लंगोट स्वतः धुऊन दोरीवर वाळत घालायचा, आणि वरून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. मुलीला मांडीवर घेऊन तिच्याशी "तुम्ही" करून बोलायचा. "आल्यात का बाईसाहेब? लई उशीर केला तुमी." मी म्हणायचे, गडी माणसानं लंगोट धुवावेत का? तो म्हणायचा, "अक्का, मोटारीचं काळं तेल धुतो मी. ह्ये तर अत्तर हाय."

आता बारशाचं. आमच्यात मुलाचं नाव आत्या ठेवते. बाळाच्या कानात नाव सांगायचं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, साडी नेसवायची. आत्याचा हा मान. पण मी नवऱ्यानं टाकलेली. भावकीतल्या बायका कुजबुजायला लागल्या की पाच वर्षांनी झालेल्या लेकराच्या कानात असल्या बाईचं तोंड कशाला, पुष्पाची चुलत नणंद आहे की. अप्पारावकाका, आमच्या भावकीतले वडीलधारे, तेही म्हणाले, विचार कर. जन्मात एकदाच रामकिसन ताठ उभा राहिला. म्हणाला, "नाव माझी अक्काच ठेवील. न्हाईतर बारसं करत न्हाई." मी आत चुलीपाशी होते. हे ऐकलं आणि मला वाटलं, आपण पुन्हा माणसात आलो. सात वर्षांच्या संसारानंतर गोठ्याशेजारी टाकलेल्या बाईला हा मान काय असतो ते इतरांना सांगून कळायचं नाही. मी त्या दिवसाची वाट लग्नाच्या दिवसासारखी पाहिली.

बारशाच्या सकाळी आठच्या सुमाराला गावातला साहेबराव जीप घेऊन आला. त्याच्या विहिरीवरची मोटार बंद पडली होती, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. मी म्हणाले, आज नाही. रामकिसन म्हणाला, "आत्ता गेलो अन् आत्ता आलो." नाही म्हणायला त्याला येतच नव्हतं. विहिरीवर मोटारीच्या पत्र्याच्या खोपटात त्यानं स्टार्टरच्या पेटीमागे वायर बघायला हात घातला. बोटाला काहीतरी टोचलं. हात ओढला तेव्हा काळ्यावर पांढरे पट्टे असलेलं शेपूट दगडाखाली जाताना दिसलं. त्यानं मोटार दुरुस्त केली, पाणी सुरू करून दिलं आणि मग घरी आला.

घरी येऊन त्यानं एवढंच सांगितलं की काहीतरी चावलं. बोटाला ना सूज, ना रक्त. अप्पारावकाकांनी त्याला ओट्यावर बसवलं आणि दारातल्या लिंबाचा पाला आणायला लावला. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या हेच करतात. चावलेल्या माणसाला कडूलिंबाचा पाला चावायला द्यायचा. कडू लागला तर विष नाही. कडू लागला नाही तर विष चढलंय, मग पळापळ. सगळे पाहुणे भोवती गोळा झाले. त्यानं मूठभर पाला तोंडात घातला, चावला, गिळला.

काकांनी विचारलं, "लागला का कडू?"

रामकिसननं तोंड वेडंवाकडं केलं. "लई कडू हाय काका. जहर."

सगळे हसले. उंदीरबिंदीर असेल म्हणाले. बायका पुन्हा पाळण्याला फुलं बांधायला लागल्या.

मी धान्याच्या कोठीपाशी घुगऱ्यांचं पातेलं काढत होते. तो आत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "अक्का, पाला कडू न्हाई लागला. माती चावल्यासारखं लागलं."

"मंग तिथं कामून कडू म्हणालास?"

"समदे घाबरले असते. पुष्पा वली बाळंतीण, ती रडाया लागली असती. पाव्हणे उठून गेले असते." मग थोडं थांबून म्हणाला, "पट्टे पाहिले म्या. मण्यार वाटते. साहेबरावची जीप दारात हाय. जाऊन येऊ का जालन्याला?"

त्यानं मला विचारलं. माझा भाऊ, बाप झालेला गडी, जिवावर बेतलेलं असताना मला विचारत होता. कारण त्याला माहीत होतं आज माझा दिवस आहे. आणि मलाही माहीत होतं, तो गेला की बारसं मोडेल. पुन्हा ठरेल तेव्हा भावकी म्हणेल, बघा, हिनं नाव ठेवायचं म्हटलं तर कसं विघ्न आलं. मग मला कोण जवळ येऊ देणार होतं? हे सगळं माझ्या डोक्यात आलं ते एका क्षणात, पण आलं. मी घाबरून, गोंधळून बोलले असं सांगता आलं असतं. खोटं आहे ते. मी विचार करून बोलले.

मी म्हणाले, "सूज न्हाई, काई न्हाई. पाला काई दरवेळी बराबर सांगत न्हाई. घंटाभर थांब. नाव ठिवू दे, मंग जा."

तो म्हणाला, "बराबर हाय."

त्या पाल्यानं खरोखर काही कळतं का? पुढे एका डॉक्टरनं मला सांगितलं, काही कळत नाही बाई, पाला कडू लागला तरी माणूस मरतो आणि नाही लागला तरी जगतो. पण त्या दिवशी आम्हा दोघांनाही त्या पाल्यावर विश्वास होता. त्याला त्याचा अर्थ माहीत होता, मलाही होता. तरी आम्ही थांबलो.

घंटाभर म्हटलं होतं, पण पुष्पाच्या माहेरची माणसं यायची होती आणि घनसावंगीची बस आलीच नाही. अकरा वाजले, बारा वाजले. तो पाहुण्यांना पाणी देत फिरत होता. बाराच्या पुढे माझ्याजवळ येऊन म्हणाला, "अक्का, एकाचे दोन दिसून राह्यले." मी म्हणाले, "आलीच बघ बस." पुन्हा म्हणाला, "पापण्या जड व्हायल्यात." मी म्हणाले, "रात्रभर जागलास, दुसरं काय." मी त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बारसं थांबवावं लागलं असतं.

माहेरची माणसं दीडला आली. मी नवी साडी नेसून पाळण्यापाशी बसले. मुलीच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं, कालिंदा. बायकांनी पाठीत धपाटे घातले, जोरात, हसत हसत. ज्या बायका कुजबुजल्या होत्या त्यांनीही घातले. मला इतका आनंद झाला होता की डोळ्यांत पाणी आलं. हे मी कबूल करते. तो आनंद अजून आठवतो आणि त्याची किळस येते.

रामकिसन दाराच्या चौकटीला टेकून पाहत होता. त्याचे डोळे अर्धे मिटलेले. कुणीतरी म्हणालं, बापाला रडू येतंय. त्याच्या हातावर घुगऱ्या दिल्या. त्यानं तोंडात घातल्या, त्या गिळता आल्या नाहीत, ओठांतून खाली सांडल्या. मग तो बसला, आणि बसलेला कलंडला.

साहेबरावनं जीप काढली. मी मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले, काका पुढे. रस्त्यात खड्डे. त्याच्या पापण्या उघडत नव्हत्या, जीभ हलत नव्हती, पण तो शुद्धीवर होता. मण्यार चावलेल्या माणसाला शेवटपर्यंत ऐकू येतं, हे मला नंतर कळलं. काका सारखं म्हणत होते, "पाला तर कडू लागला व्हता. त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलं." माझ्या तळहातात त्याचं बोट दोनदा हललं. बोल म्हणून हललं की बोलू नको म्हणून, मला माहीत नाही. अंबडच्या अलीकडे त्याचा श्वास थांबला. अंबडच्या दवाखान्यात डॉक्टरनं नुसतं बघितलं आणि विचारलं, "किती वाजता चावला?" काकांनी सांगितलं, नऊच्या आत. तो म्हणाला, "सहा तास काय करत होता तुम्ही?"

तिसऱ्या दिवशी अंगणात बायका बसलेल्या असताना पुष्पा बाळंतखोलीतून उठून बाहेर आली. केस मोकळे, पदराचं भान नाही. सगळ्यांसमोर मला म्हणाली, "वन्स, त्या दिशी कोठीपाशी तुमी दोघं काय बोलून राह्यले व्हते? काय म्हणाले ते तुमाला?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणाले, "काई न्हाई. काय म्हणणार?" तरी त्या बघतच होत्या. मग मी म्हणाले, "पोरीचा पायगुण, बाई. पांढऱ्या पायाची निघाली. बापाला बारा दिवस पुरले न्हाईत."

लोक म्हणतात गाव तोंडाळ असतं. गावानं नंतर म्हटलं, पहिल्यांदा म्हटलं ते मी. पंधरा दिवसांच्या लेकरावर, जिच्या कानात मी नाव सांगितलं तिच्यावर. ते वाक्य तासाभरात वेशीपर्यंत गेलं, आणि मी मागे पळून ते आणू शकले नाही. खरं सांगायचं तर पळाले नाही. ते माझ्यावरून तिच्यावर गेलं होतं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

पुढची वर्षं मी राबले. पुष्पा आणि मी दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायचो. कालिंदाला मीच मोठं केलं, न्हाऊ घातलं, शाळेत पोचवलं. लोकांना वाटायचं काय माया आहे आत्याची. माया होतीच. पण चोराच्या मनात चांदणं असतं, तसं होतं ते. पुष्पा पहिली दोन वर्षं मुलीला जवळ घ्यायची नाही. दूध पाजून बाजूला ठेवायची. गावात कुणाच्या बारशाला, डोहाळजेवणाला कालिंदाला बोलावत नसत. नवी नवरी दारात आली की कुणीतरी हळूच म्हणायचं, पोरी, तू जरा मागे हो. ती सात वर्षांची असताना मी तिला चुलीपाशी बसलेलं पाहिलं. तव्याची काजळी बोटानं काढून तळपायाला फासत होती. मी विचारलं काय करतेस. म्हणाली, "काळे करते." मी तिच्या पाठीत धपाटा घातला, पाय धुतले, आणि काही सांगितलं नाही. त्या दिवशी सांगता आलं असतं.

ती बापावर गेली. हळू बोलायची, कुणाला नाही म्हणायची नाही. बारावी झाली. तीन स्थळं आली आणि तीनही गावात चौकशी करून परत गेली. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात हसनाबादचं स्थळ आलं. मुलगा चांगला, जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात कामाला. बोलणी करायला मुलाचे काका शिवाजी आणि दोन माणसं आली. मुलगी पसंत पडली, चहा झाला. मग शिवाजीरावांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पोरगी लाखात एक हाय. पन गावात जरा ऐकलं. बारशाच्या दिशीच बाप गेला म्हणत्यात. आमच्या घरातल्या बायका मानत्यात असलं."

पुष्पा खाली बघत होती. कालिंदा दारात ट्रे घेऊन उभी. तिच्या तोंडावर काही नव्हतं, सवयीचं झाल्यासारखं. ते पाहिलं आणि माझ्यानं राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. पाला कडू लागला नाही ते, त्यानं मला विचारलं ते, मी थांब म्हणाले ते, बसची वाट पाहिली ते, आणि पांढऱ्या पायाची हे पहिल्यांदा कोण म्हणालं तेही. म्हणाले, "ह्या पोरीनं काई केलं न्हाई. बापाला म्या मारलं. माझ्या मानापायी."

शिवाजीरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, तुमी खरं बोलल्या, बरं केलं. पन बारसं तर हिचंच व्हतं न्हवं? हिच्यापायीच थांबले ना ते?" आणि कळवतो म्हणून उठले. कळवलं नाही.

एकोणीस वर्षं मी समजत होते की मी तोंड उघडलं की मुलगी सुटेल. ती माझी समजूत होती, त्यावरच मी जगत होते. त्यांनी माझं सगळं पाप ऐकून घेतलं आणि ते पुन्हा तिच्याच पदरात टाकलं, आणि जीपमध्ये बसून गेले.

पुष्पा कप गोळा करून मागच्या दारी गेली. तिथे भांडी घासल्याचा आवाज येत राहिला, खूप वेळ, चार कपांना लागतो त्याहून खूप जास्त. कालिंदा माझ्यासमोर येऊन बसली. मला वाटलं आता ओरडेल. मी वाट पाहत होते. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "हसनाबादच्या लोकांना सांगितलंस. मला सांगायला तुला एवढ्या वर्षांत एकबी दिवस मिळाला न्हाई?"

मी म्हणाले, "भ्या वाटत व्हतं."

"कशाचं?"

"तू मला आत्या म्हणायची न्हाईस म्हणून."

तिनं माझ्याकडे पाहिलं, उठली आणि आत गेली. ती अजून मला आत्याच म्हणते. माझ्या हातचं मात्र खात नाही.